सरांचा गुलाबी

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी रोज सकाळी साडेनऊला मी कॉलेजात हजर असतो. कुणी हौसेनं बोलावलेलं नाही. कॉलेजला रसायनशास्त्र शिकवायला माणूस मिळत नाही आणि मला घरी बसवत नाही, म्हणून दर वर्षी अकरा महिन्यांचं एक पत्र निघतं आणि मी पुन्हा प्रयोगशाळेत उभा राहतो. कागदोपत्री आम्हाला 'पुनर्नियुक्त' म्हणतात. असे आम्ही चौघं. स्टाफरूममधलं खिडकीजवळचं टेबल आमचं. कायम नोकरीवाली मंडळी त्या टेबलाला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहिणार नाही.

घरी बसून पाहिलं नाही असं नाही. पहिले तीन महिने बसलो होतो. तेवढ्यात मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नाव, वजन आणि तारखेच्या चिठ्ठ्या डकवल्या, साखर आणि मीठ सुरक्षित अंतरावर हलवलं, आणि भांड्यावर झाकण ठेवलं तर किती गॅस वाचतो हे बायकोला आकडे मांडून समजावून सांगितलं. चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तिनं माझा डबा भरून दारात ठेवला. कुठेही जा, म्हणाली, फक्त साडेपाचच्या आत येऊ नका. त्याच आठवड्यात कॉलेजचा फोन आला म्हणून बरं, नाहीतर मी डबा घेऊन बागेत बसलो असतो.

यंदा मात्र पत्राआधी परिपत्रक आलं. बासष्ट वर्षांवरच्या सर्व पुनर्नियुक्तांची आरोग्य तपासणी होणार, शिवाय प्रत्येकाचा कामगिरी तक्ता तयार होणार, आणि दोन्हींत जो पास होईल त्यालाच पत्र मिळणार. शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती. एकदा अपात्र ठरलेल्या व्यक्तीचा पुढे कधीही विचार केला जाणार नाही. म्हणजे यंदा पाय मुरगळलेला असला तर जन्माचा बाद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तसाच प्राचार्यांच्या खोलीत शिरलो. प्राचार्य माझा विद्यार्थी. पिपेटच्या नळीतून आम्ल ओढताना ते थेट तोंडात घेऊन माझ्यासमोर उड्या मारणारा हाच. आता तो माझी कामगिरी मोजणार होता. त्यानं मला बसवलं, चहा मागवला, आणि हे सगळं वरून आलंय असं सांगून हातानं छताकडे दाखवलं. त्याच्या खोलीवर गच्ची आहे आणि गच्चीवर पाण्याची टाकी. मी तसं म्हटलं, तर तो नुसता हसला. शिकवत होतो तेव्हाही तो असाच हसायचा आणि उत्तर टाळायचा.

आमच्या टेबलावर त्या दिवसापासून दुसरा विषयच नव्हता. गणितवाले माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. गेल्या वर्षी ते फळ्यासमोर चक्कर येऊन खाली बसले होते आणि खडू शोधतोय असं त्यांनी वर्गाला सांगितलं होतं. त्यांनी साखर बंद केली, जिने मोजून चढायला सुरुवात केली आणि रक्तदाब मोजताना मनात पाढे म्हणायचे असं ठरवलं. प्रत्येकाकडे लपवायला काही ना काही होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला ते कसं लपवायचं हे शिकवत होता. कॉलेजनं नियम केला होता आमची तब्येत कळावी म्हणून, आणि त्या नियमामुळे आम्ही आपली तब्येत एकमेकांच्या मदतीनं गाडून टाकत होतो. मला मात्र लपवायला काहीच नव्हतं. तसं मी छातीठोकपणे सांगत फिरत होतो.

तपासणी कॉलेजच्या सभागृहात झाली. माझा रक्तदाब पहिल्यांदा फार निघाला, कारण माझ्या पुढे रांगेत जो ग्रंथालयवाला होता तो तपासणाऱ्या बाईंना आपली सगळी दुखणी पहिल्यापासून सांगत होता आणि मी पाऊण तास उभा होतो. बाईंनी मला दहा मिनिटं शांत पडायला सांगितलं. शांत पडायला सांगितल्यावर मी कधीच शांत पडलेलो नाही. तरी दुसऱ्यांदा तो बसला एकदाचा मर्यादेत. हृदय ठीक, साखर ठीक, गुडघे चालण्याजोगे.

शेवटी डोळे. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या शेवटच्या बॅचच्या वयाच्या. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ मी घडाघडा वाचली. मग त्यांनी माझ्या डोळ्यांत दिव्याचा झोत टाकला, बराच वेळ पाहिलं आणि दोन्हीकडे मोतीबिंदू चांगलाच सुरू झालाय म्हणाल्या. मी विचारलं, वाचायला अडचण आहे का? आत्ता नाही, म्हणाल्या. मग फॉर्ममध्ये मोतीबिंदूचा रकाना आहे का? त्यांनी फॉर्म पाहिला. नव्हता. दृष्टी, चष्म्यासह, एवढाच होता. तिथं समाधानकारक लिहा, असं मीच त्यांना सांगितलं.

त्यांनी लिहिलं. लिहिता लिहिता मी काय शिकवतो ते विचारलं. रसायनशास्त्र म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. 'मग एकदा रंगांचं...' असं काहीतरी त्या बोलू लागल्या, पण तोवर मी कागद ओढून घेतला होता आणि पुढच्याला हाक मारली होती.

कामगिरी तक्त्यात तर मी सगळ्यांना चारीमुंड्या चीत केलं. त्यात एक रकाना प्रयोगातल्या अचूकतेचा होता. आता ज्यांचं रसायनशास्त्र शाळेतच सुटलं त्यांच्यासाठी सांगतो. काचेच्या चपट्या बुडाच्या फ्लास्कमध्ये आम्ल घ्यायचं, त्यात रंग दाखवणाऱ्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा, आणि वर उभ्या लावलेल्या ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या लांब नळीतून, अल्कली थेंबाथेंबानं सोडायचं. ज्या थेंबाला फ्लास्कमधलं पाणी अगदी फिकं गुलाबी होतं आणि तसंच राहतं, तिथं तोटी बंद करायची आणि नळीवरचा आकडा वाचायचा. सगळं कसब त्या एका थेंबात असतं. शिक्षकानं आधी स्वतः प्रयोग करून आपला आकडा वहीत बंद करून ठेवायचा, आणि मुलांचा आकडा त्याच्याशी जितका जुळेल तितके गुण द्यायचे. मी बत्तीस वर्षं असंच केलं.

वर्षाच्या सुरुवातीला माझ्या बॅचमधली शंभरात अडतीस मुलं जुळत होती. सुरुवातीला नेहमी असंच असतं, पोरांचा हात बसलेला नसतो. मी बोललो, ओरडलो, कमी गुण देत राहिलो. वर्ष संपताना जुळणारी मुलं चौऱ्याण्णव टक्के. ऑफिसनं त्याचा चढता आलेख काढला. प्राचार्यांनी मला सगळ्या शिक्षकांसमोर त्यावर बोलायला लावलं आणि मी चाळीस मिनिटं बोललो. दुसरी बॅच एका तरुण मॅडमकडे होती, कायम नोकरीतल्या. त्यांच्या मुलांचे आकडे माझ्यापेक्षा नेहमी थोडे कमी यायचे. मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणालो की तुमच्या मुलांना तोटी बंद करायची घाई असते, आणि ती घाई शिक्षकाकडूनच येते. त्यांचा चेहरा पडला. मला त्या वेळी वाटलं, बरं झालं, आता शिकतील.

तपासणीत पास, कामगिरीत पहिला. पत्र टाइप होऊन प्राचार्यांच्या टेबलावर सहीला आलं होतं. तेवढ्यात एक अर्ज आला.

अर्ज माझ्याच बॅचच्या एका मुलीचा होता. ती यंदा दुसऱ्या कॉलेजातून आमच्याकडे आली होती. वर्गात गप्प, मागच्या टेबलावर. वार्षिक प्रात्यक्षिकात तिला पंधरापैकी चार गुण होते. तिनं लिहिलं होतं की तिचं रीडिंग बरोबर आहे आणि तिच्यासमोर प्रयोग पुन्हा करावा. बरोबर आहे. तीन वर्षं प्रयोगशाळेत उभी राहिलेली मुलगी मला बरोबर काय ते सांगणार. मी त्या अर्जावर लाल पेनानं 'मान्य' असं लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. म्हटलं, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.

नियमानं दुसरा परीक्षक लागतो. त्या मॅडम आल्या. शिवाय आमच्या प्रयोगशाळेतल्या ताई होत्याच. सव्वीस वर्षं त्या इथली भांडी धुतात, बाटल्या भरतात, कुणी काय फोडलं ते वहीत लिहितात. परीक्षेतल्याच बाटलीतलं द्रावण त्यांनी तिघांना मोजून दिलं. प्रत्येकाच्या फ्लास्कखाली पांढरी टाइल, रंग नीट दिसावा म्हणून.

मी पहिला केला. अठरा पूर्णांक सहा दशांश मिलिलिटर. माझ्या वहीत बंद केलेला आकडाही अठरा सहाच. माझा हात अजून तेवढा स्थिर आहे, हे मला मॅडमना दाखवायचं होतं आणि मी दाखवलं.

मॅडमचा आला अठरा पूर्णांक दोन. मुलीचाही अठरा दोन.

मी शांतपणे म्हणालो की दोघीही आधी थांबल्यात. अजून रंग आलेलाच नाही. हे बघा, पाणी आहे नुसतं. मी मुलीचा फ्लास्क उचलून टाइलवर धरला, हलवला, पुन्हा धरला. मुलगी फ्लास्ककडे नाही, माझ्याकडे पाहत होती. मॅडम ताईंकडे पाहत होत्या.

"सर," ताई म्हणाल्या, "तिन्ही गुलाबी आहेत. तुमचा जास्त गुलाबी आहे."

मी चिडलो असतो. तोंड उघडलंही होतं. पण प्रयोगशाळेत चिडण्याआधी पडताळा घ्यायचा, हे मीच इतक्या पोरांना शिकवलं होतं. मी मॅडमना आणखी दोन फ्लास्क घ्यायला लावले, एक त्यांच्या हातचा नीट केलेला आणि एकात नुसतं पाणी. मी पाठ केली, ताईंनी पाचही फ्लास्कची जागा बदलली, आणि मी वळून ओळखायला लागलो. माझा स्वतःचा तेवढा मला ओळखता आला. बाकी चार मला सारखे दिसत होते. मी त्यातला एक नुसतं पाणी म्हणून वेगळा काढला. तो मुलीचा होता.

असं तीनदा केलं. तिन्ही वेळा चुकलो.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी ताईंना विचारलं.

"पहिल्या सत्रापासून. पोरं त्याला सरांचा गुलाबी म्हणतात. खरा गुलाबी आला की थांबायचं नाही, अजून सात-आठ थेंब सोडायचे. मग सरांचा येतो. तिथं गुण मिळतात."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, ताई, तुम्ही काचा धुवा."

मला ते आठवत नव्हतं, पण वाक्य माझंच होतं. मॅडमना विचारायची तर सोयच नव्हती. त्यांना मी काय म्हणालो होतो ते सगळ्या कॉलेजनं ऐकलं होतं. त्यांनी नंतर एवढंच सांगितलं की त्या सभेनंतर महिनाभर त्या स्वतःचेच प्रयोग पुन्हा पुन्हा करून बघत होत्या. मुलीला मी विचारलं, तुला हा सरांचा गुलाबी ठाऊक नव्हता का? ठाऊक होता, म्हणाली. मैत्रिणींनी सांगितलं होतं. पण तिला रंग दिसला तिथं ती थांबली. पुढे सोडायला हात होईना, एवढंच ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. चार गुण मी तिला त्याबद्दल दिले होते.

मी घरी गेलो ते वेळेआधीच. बायकोनं दार उघडून घड्याळाकडे पाहिलं, पण माझा चेहरा बघून बाजूला झाली. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की हॉलमधली ट्यूब पिवळट आहे म्हणून मी तीनदा दुकानातून बदलून आणली होती, आणि चौथी आणल्यावर ती मला डोळे दाखवून या म्हणाली होती. मी काय म्हणालो होतो ते मी विचारलं नाही. तिनंही आपणहून सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं दार लावून घेतलं, आणि खरं सांगायचं तर तो माझ्याशी फार चांगलं वागला. त्यानं सगळा मार्ग काढून ठेवला होता. मुलीचे गुण बेरजेची चूक म्हणून वाढवायचे. ती खूश. बाकीच्यांची तक्रारच नाही. मी सुट्टीत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घ्यायची, परत यायचं. पत्रावर त्यानं सही केली होती. ते त्यानं माझ्यासमोर सरकवलं.

"सर, चार महिन्यांत तुमचे डोळे नवे होतील. कशाला वाच्यता करायची? एकदा कागदावर आलं की नियम तुम्हाला माहीत आहे. मग मीसुद्धा काही करू शकणार नाही."

"आणि बाकीची चाळीस पोरं?"

"त्यांना तर पैकीच्या पैकी आहेत."

मी पत्र घेतलं. हे मला लपवायचं नाही, मी ते घेतलं आणि खिशात घालून आमच्या टेबलावर येऊन बसलो. गणितवाल्यांनी हात मिळवला. त्यांनाही पत्र मिळालं होतं, पाढ्यांच्या कृपेनं. मी तासभर बसून होतो. मला कॉलेजचा राग येत होता, ज्यानं आजारपण कबूल केलं की माणूस जन्माचा बाद असा नियम करून ठेवला होता. चार महिन्यांनी मी ठणठणीत होणार होतो, माझ्या डोक्यात रसायनशास्त्र शाबूत होतं, हात स्थिर होता, आणि एक खरं वाक्य लिहिलं की हे सगळं मातीमोल. वाचता येतं का एवढंच विचारणाऱ्या फॉर्मचा राग येत होता. सगळ्यात जास्त राग मला त्या चौऱ्याण्णव टक्क्यांचा येत होता, कारण त्यावर मी चाळीस मिनिटं बोललो होतो. त्या आलेखात मुलं माझ्याकडून शिकत होती हे अगदी खरं होतं.

ही पोरं दोन महिन्यांत बाहेर पडणार होती. त्यातली निम्मी औषधांच्या कारखान्यात, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, कुठे ना कुठे ब्युरेटसमोर उभी राहणार होती. तिथं सात-आठ थेंब जास्त सोडून चालत नाही.

मी कार्यालयातून कोरा कागद मागून घेतला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तो तपासणीच्या वेळी मला सांगण्यात आला होता आणि मीच तो नोंदवू दिला नाही, मला फिका गुलाबी रंग दिसत नाही, सबब माझ्या आकड्यांवर दिलेले या वर्षीचे सर्व गुण रद्द करून मॅडमच्या देखरेखीखाली परीक्षा पुन्हा घ्यावी, एवढंच लिहिलं. सोबत पत्र परत जोडलं. प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला. या वेळी तो हसला नाही. कपाळाला हात लावून म्हणाला की सर, तुम्ही मलाही अडचणीत आणलंत. ते खरंच होतं. कॉलेजच्या मूल्यांकनात तो आलेख गेला होता. मी सॉरी म्हणालो. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा सॉरी म्हणत होतो आणि ते मला नीट जमलं नाही.

पुनर्परीक्षा सोमवारी ठरली. मला महिनाअखेरपर्यंतच यायचं होतं. मी फक्त शुक्रवारचा एक तास माझ्या बॅचसाठी मागून घेतला.

वर्ग भरला होता. बातमी आधीच पोचली होती, पण मी पुन्हा सगळं सांगितलं. माझ्या डोळ्यांचं, फॉर्मचं, ताईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांना काय म्हणालो त्याचं. ताई कोपऱ्यात बाटल्या पुसत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी पोरांना म्हणालो की वर्षाच्या सुरुवातीला तुम्हाला जे दिसलं तेच बरोबर होतं. तुमचे गुण मी कापले, ती माझी चूक. सोमवारी रंग दिसला की थांबायचं, बस.

मला वाटलं होतं पोरं चिडतील. चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती एकमेकांकडे बघत राहिली. मग पहिल्या टेबलावरचा मुलगा उठला. वर्षभर पैकीच्या पैकी मिळवणारा हाच, आलेखाचं वरचं टोक. त्यानं विचारलं की आत्ता एकदा करून बघू का.

त्यानं ब्युरेट भरली, फ्लास्क घेतला. सगळे भोवती जमले. तो थेंब थेंब सोडत गेला आणि मध्येच मागून कुणीतरी 'आला, आला' म्हणालं. त्यालाही दिसला असणार, कारण त्याचं बोट जरा अडखळलं. पण तोटी चालूच राहिली. अठरा सहाला त्यानं ती बंद केली. मला फ्लास्कमध्ये रंग दिसला.

"पुन्हा कर," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा अठरा पाच. तिसऱ्यांदा पुन्हा अठरा सहा. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"सर, मला रंग दिसतो," तो म्हणाला. "आधीपासून दिसतो. पण दिसला तरी हात थांबत नाही."

माझं ऑपरेशन वीस मिनिटांचं आहे असं त्या डॉक्टर बाई नंतर म्हणाल्या. याच्या हाताला काय करायचं ते मला कळेना. मी त्याला सांगू शकत नव्हतो की आता थांब, कारण आता म्हणजे केव्हा ते मला दिसतच नव्हतं. बत्तीस वर्षं मी ब्युरेटशेजारी उभा राहून पोरांना नेमकं तेवढंच सांगत आलो होतो. मला स्वतःचाच इतका संताप आला की मी टेबलाची कड घट्ट धरून उभा राहिलो.

शेवटी मी मागच्या टेबलावरच्या त्या मुलीला पुढे बोलावलं. ती आली, पण अंग चोरून उभी राहिली. मी बाजूला झालो आणि तिला माझ्या जागी उभं केलं, त्याच्या उजव्या हाताशी. म्हटलं, तुला दिसला की याला सांग. तिनं फक्त मान हलवली. त्यानं नवा फ्लास्क घेतला.

"बस," ती म्हणाली.

तो पुढे दोन थेंब गेला. फ्लास्क ओतून दिला, पुन्हा भरला. परत एक थेंब पुढे गेला. तिसऱ्या वेळी तिनं बस म्हणताना त्याच्या मनगटाला बोट लावलं, आणि त्याचा हात थांबला.

सगळी पोरं फ्लास्कवर वाकली. मीही वाकलो. पांढऱ्या टाइलवर मला नुसतं पाणी दिसत होतं. तिनं मला आकडा वाचून दाखवला आणि मी वहीत लिहून घेतला, अठरा पूर्णांक दोन.